हद्दीबाहेरचा म्हाकू

म्हाकू सिदू, राहणार खरसवाडी, याचं नाव मतदारांच्या यादीतून मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी दुपारी कापलं गेलं. कापणारा आमच्या संस्थानचा निवडणूक अधिकारी. त्या वेळी म्हाकू तासगावच्या अलीकडे एका रानात लंगड्या मेंढीचा पाय बांधत होता. त्याच्या नावाबरोबर खरसवाडीच्या सगळ्या धनगरवस्तीची नावं गेली. त्याची आई तायव्वा, बायको, भाऊ, भावजया. प्रत्येक नावापुढे तांबड्या शाईत एकच शेरा: 'हद्दीबाहेर. ठावठिकाणा नाही.'

ज्या माणसांचा ठावठिकाणा अख्ख्या कृष्णाकाठाला तोंडपाठ आहे, त्यांच्याबद्दल हे लिहिलं गेलं. मी तेव्हाही चिडलो होतो, आजही चिडलेलाच आहे. हकिगत मात्र नीट सांगतो.

मी आमच्या प्रजासंघाच्या कचेरीत पगारी माणूस. काम पत्रकं लिहायचं. प्रूफ तपासणं, छापखान्याच्या मालकाला उधारीवर कागद मागणं आणि आठवडी बाजारात ओरडून पत्रकं वाटणं हेही त्यातच आलं. त्यामुळे निवडणुकीच्या कायद्याशी माझा रोजचा संबंध. वाचणाऱ्याला तो नसतो, म्हणून थोडं समजावून सांगतो.

आमचं संस्थान म्हणजे ठिगळांची गोधडी. राजधानीचं ठिगळ नदीकाठी, उसाचं. खरसवाडीचं ठिगळ पूर्वेला, कोरडं, हुलग्या-मटकीचं. मधे खालसा मुलूख, म्हणजे थेट इंग्रज सरकारचा. एका गावात बसून भाकरी खाल्ली आणि हात धुवायला ओढ्यावर गेलं तर माणूस दुसऱ्या राज्यात जातो. पावसाळ्यात धनगर खरसवाडीत असतात. दिवाळी झाली की चारा संपतो, मग मेंढरं घेऊन पश्चिमेला नदीकाठी उतरतात. वाटेत खालसा लागतोच.

आता यादीचं बघा. या खेपेस कायदेमंडळाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच प्रत्येक सज्ञान माणसाला मत मिळणार होतं. यादी चावडीवर लावतात. कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली की माणसाने अधिकाऱ्यापुढे स्वतः उभं राहून खुलासा करायचा. त्याला सुनावणी म्हणतात. यादी लावतात कधी? दिवाळीनंतर, कारण तेव्हा कारकून मोकळे असतात. सुनावणी कुठे? राजधानीत. म्हणजे धनगर निघाले की यादी लागते आणि ते परतायच्या आत बंद होते. हे कुणी कपटाने ठरवलं होतं असंही नाही. ठरवताना त्यांची आठवणच कुणाला झाली नाही, आणि मला त्याचाच राग जास्त येतो.

म्हाकू कचेरीत आला तो घोंगडी खांद्यावर टाकून, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पत्रकवालं तुमीच का?"

"मीच. आत या."

"न्हाई, पायाला चिखल हाय. माझं नाव खोडलंय म्हनं. खरसवाडीचा तलाठी वाटंत भेटला, त्यो बोलला."

"मत देऊन काय करणार होता?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. उत्तरातून पत्रक मिळतं.

"कुरणाचा लिलाव करायचं चाललंय. आमच्या गावचं गायरान. लिलाव झाला की ठेकेदार कुंपण घालनार. मग पावसाळ्यात मेंढरं कुठं चारू? तुमच्या छापखान्यात?"

हसायला आलं, पण तो हसत नव्हता. कुरणाचं काय करायचं हे निवडून येणारं कायदेमंडळ ठरवणार होतं. पूर्वेच्या वस्त्यांना मतच नसेल तर त्यांच्या कुरणाबद्दल तोंड कोण उघडणार? मी त्याला तिथेच सोडलं आणि अधिकाऱ्याकडे गेलो.

हा अधिकारी मुळात दफ्तरदार, म्हणजे दिवाणसाहेबांच्या कचेरीतला वरचा माणूस. निवडणुकीचं काम त्याच्याकडे जोडून दिलेलं. संस्थानात निवडणुकीतला सगळ्यात मोठा अधिकार त्याचा, आणि बसायची जागा दिवाणसाहेबांच्या दाराबाहेर. घंटी वाजली की उठून आत जायचं.

"खरसवाडीची नावं का कापली?" मी म्हणालो.

"हरकत आली होती."

"कुणाची?"

"कचेरीची."

"कचेरी म्हणजे तुम्हीच."

"हो."

"सुनावणी कुणी घेतली?"

"मीच. नोटीस चावडीवर लावली होती. कुणी आलं नाही."

"या निकालावर अपील?"

"माझ्याकडेच."

मी म्हणालो, "साहेब, हरकत तुमची, निकाल तुमचा, अपील तुमच्याकडे. मत पण तुम्हीच देऊन टाका, म्हणजे लोकांची पायपीट वाचेल."

तो चिडला नाही. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तरुण आहात. मला सकाळी नेमतात आणि संध्याकाळी काढू शकतात. धनगर तिकडे खालसात जाऊन काय ऐकतात, कुणाच्या सभेला बसतात, याची वर काळजी आहे. नावं कापा म्हणाले, कापली. आणि ऐका, आता नवीन बिल येतंय. अधिकाऱ्याचा निर्णय शेवटचा, कोर्टातसुद्धा जाता येणार नाही. जे बोलायचं ते त्याआधी बोला."

आतून घंटी वाजली. तो उठून गेला.

मी कचेरीत येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता 'दफ्तरदार की दरोडेखोर?' माझ्या मते झकास झालं होतं. आमचे अध्यक्ष वामनराव वकील, कायदेमंडळातले आमचे निवडून आलेले सभासद. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि कागद पालथा घातला.

"सदा, हा माणूस गेला तर काय होईल?"

"चांगला माणूस येईल."

"त्याचा मेहुणा येईल. तोही घंटी वाजली की उठेल. शिव्या माणसाला देतोस, दोष खुर्चीत आहे. खुर्चीचे पाय दिवाणाच्या खोलीत रोवलेले आहेत, ते उपट."

"कसे?"

"ते बिल आणताहेत ना, आणू दे. आपण त्याच बिलाला अमेंडमेंट देऊ."

अमेंडमेंट म्हणजे सरकारने मांडलेल्या बिलात सभासदाने सुचवलेली दुरुस्ती. बिल सरकारचं, पण मतं जमली तर आतला मजकूर आपला. वामनरावांनी संध्याकाळपर्यंत मसुदा केला. निवडणूक अधिकारी कायदेमंडळाने निवडायचा. पुढची निवडणूक पार पडेपर्यंत त्याला दिवाणाने काढायचं नाही आणि त्याने दुसरी नोकरी करायची नाही. त्याच्या निकालावर न्यायाधीशाकडे अपील. पोटासाठी जनावरं घेऊन बाहेर जाणारा माणूस आपल्या गावचाच रहिवासी धरायचा. आणि माणूस येऊ शकत नसेल तर सुनावणीला अधिकाऱ्याने जायचं.

शेवटचं कलम वाचून मी वामनरावांना लोटांगण घालायचा बाकी होतो. त्यांनी थंडपणे पुढचं सांगितलं. निवडून आलेले आम्ही थोडे. सरकारनियुक्त, म्हणजे दिवाणाने नेमलेले, जास्त. त्यांतले नदीकाठचे बागायतदार फुटले तरच बिल फिरणार. त्यांचा म्होरक्या रावजी पाटील.

रावजी पाटलांकडे मीच गेलो. एक मुलगा पलटणीत, एक गुऱ्हाळावर, स्वतः ओसरीवर. गूळ-पाणी आलं, कांद्याची भजी आली. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"धनगर लय गुणी माणसं. माझं काय म्हणणं न्हाई. पण मत द्यायला माणूस एका जागी नको का? आज हितं, उद्या तितं. असल्याला कशाला मत?"

"ते दर वर्षी त्याच वाटेने येतात."

"येऊ देत की. आमी कुठं न्हाई म्हणतो." पाटलांनी भजं मोडलं. "ते जाऊ दे. म्हाकूचा तळ कुठवर आलाय? तुमाला ठाऊक असंल. गेल्या साली संक्रांतीच्या आधी माझ्या मळ्यात बसला हुता. औंदा उशीर केला गड्यानं. लागण खोळंबलीय माझी."

इथे मी थांबलो. शेतकरी नसलेल्यांसाठी सांगतो. लागण म्हणजे ऊस लावणं; त्याआधी मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. दिवसा चरतात, रात्री त्याच रानात वाघर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण घालून, कोंडतात. लेंडी आणि मूत मातीत मुरतं. त्याच्यासारखं खत नाही. बदल्यात धनगराला जोंधळा मिळतो. लढाईपासून खताची पेंड कंट्रोलमध्ये, म्हणजे सरकारी वाटपावर, मिळाली तर नशीब. त्यामुळे कुणाची मेंढरं आधी कुणाच्या रानात यावर पाटील मंडळी भावाभावांत अबोला धरतात. ज्या माणसाला ठावठिकाणा नाही असं हा सभासद मला सांगत होता, त्याची तो पाहुण्यासारखी वाट बघत होता.

 भजी संपवली आणि तडक तळावर गेलो.

तळ नदीच्या अलीकडच्या माळावर होता. चार-पाच धनगरवाड्यांचे लोक एकत्र आले होते. मी सगळं सांगितलं. बिल म्हणजे काय, अमेंडमेंट म्हणजे काय, पाटील काय म्हणाले. म्हाकूचा धाकटा भाऊ म्हणाला, "सभा भरवूया का? मोर्चा न्हेऊया?"

मी म्हणालो, "नेऊ. मी पत्रक काढतो."

तायव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कागदानं काय हुतंय? त्यो पाटील काय म्हनला? आमचा ठिकाना न्हाई?"

"तसंच म्हणाला."

"मग ज्येचा ठिकाना न्हाई त्यानं त्येच्या रानात कसं बसायचं? आमी भायलं, तर आमची मेंढरं बी भायली. त्येंची लेंडी बी भायली."

 मग म्हाकू हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"आयं, जोंधळा?"

"खालसात मिळंल. तितली रानं काय दगडाची हायत व्हय?"

एका म्हाताऱ्याला ते पटेना. तो म्हणाला, "पिढ्यानपिढ्याची रानं हायत. सुटली तर परत कोन बोलवंल? आनि दुसऱ्यांनी घुसून बसवली मेंढरं तर?" त्याची भीती खोटी नव्हती. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी सगळ्यांनी बिरोबाचा भंडारा उचलला, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घेतली. बिलाचा निकाल लागेपर्यंत नदीकाठच्या संस्थानी रानात एकही कळप बसायचा नाही. चरायचं, चालायचं, पुढे जायचं. भंडारा उचललेला धनगर शब्द मोडत नाही, हे पाटलांनाही ठाऊक होतं. आमच्या प्रजासंघाच्या शपथांबद्दल मी तेवढी खात्री देणार नाही.

पत्रक मी काढलंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान. कागदाचा तुटवडा होता म्हणून तळहाताएवढ्या कपट्यांवर छापलं: 'ज्यांना ठावठिकाणा नाही, ते कुणाच्या रानात बसणार? विचारा आपल्या सभासदाला.'

दुसऱ्या दिवसापासून कळप निघाले. पाटलांच्या मळ्याच्या कडेने, बांधाबांधाने, मेंढरं गेली आणि एकही आत वळली नाही. कुत्रीसुद्धा आत गेली नाहीत. गडी हाका मारत राहिले. म्हाकू लांबूनच हात जोडायचा आणि म्हणायचा, "हद्दीभायलं हाय आमी. कागूद हाय तसा."

चौथ्या-पाचव्या दिवशी रावजी पाटील स्वतः घोड्यावरून तळावर आले. मी तिथेच होतो.

"म्हाकू, हे काय चालवलंयस रं?"

"काय चालवलं? चाललूय आमी."

"तुझा बा माझ्या बाच्या रानात बसत हुता. तुझा आज्जा—"

"थांबा, पाटील," तायव्वा म्हणाली. "आदी ह्ये सांगा. कवापास्नं वळकता आमाला?"

"आवं तायव्वा, जल्मापास्नं."

"माझं धाकलं लेकरू कुठं झालं?"

पाटलांनी लगाम ढिला केला. मग म्हणाले, "माझ्याच मळ्यात. आंब्याखाली. आमच्या आईनं बाळंतविडा धाडला हुता."

"मग ह्ये त्या सभेत जाऊन सांगा. हितं सांगून काय उपेग?"

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. "ह्ये तुमी शिकवलं का यांना?"

"मला इतकं सुचत असतं तर मी पत्रकं कशाला लिहिली असती?" मी म्हणालो.

"दिवाणसाहेब रागवतील."

म्हाकू म्हणाला, "दिवाणसाबाची शंभर मेंढरं आना की मग मळ्यात बसवायला."

आजूबाजूचे गडी तोंड फिरवून हसले. पाटलांना पण हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं आणि घोडं वळवलं. जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी बिल हाय. बुधवारी माझ्या मळ्यात ये."

"सोमवारचं बघून येतो," म्हाकू म्हणाला.

सोमवारी मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. बाकावर दुसरं कुणी नव्हतं, फक्त मागच्या भिंतीला टेकून म्हाकू आणि तायव्वा उभी. शिपायाने त्यांना चपला बाहेर ठेवायला लावल्या, माझ्या नाही. हेही लिहून ठेवतो.

कायदेमंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत दिवाणसाहेबच. बिल मांडलं गेलं. वामनरावांनी दुरुस्ती मांडली. दिवाणसाहेब शांतपणे म्हणाले, "सभासदांनी विचार करावा. ज्यांचं घर नाही, गाव नाही, अशांच्या मागे सरकारी अधिकाऱ्याने रानोमाळ फिरायचं?"

रावजी पाटील उठले. कायदेमंडळात ते त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि बोलता बोलता घरच्या भाषेवर आले.

"साहेब, गाव न्हाई कसं? खरसवाडी. घर न्हाई कसं? पावसाळ्यात येऊन बघा. पौषात माझ्या मळ्यात असतात, माघात नदीपल्याड, शिमग्याला माघारी. माझा पलटणीतला पोरगा कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई. त्येचं नाव यादीत हाय. म्हाकू कुठं हाय ते मला रोज ठाऊक असतं. त्येचं नाव न्हाई. ह्यो कसला न्याय?"

 पाटलांच्या मागे दुसरा बागायतदार उठला, मग तिसरा. प्रत्येकाच्या रानात लागण खोळंबली होती, हे मला माहीत आहे. पण बोलताना त्यांचे आवाज खरे होते, हेही मी ऐकलं. दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात.

दुरुस्ती मंजूर झाली. दिवाणसाहेबांनी घंटी वाजवली. सवयीने कोपऱ्यातले दफ्तरदार उठले, आणि मग हळूच खाली बसले.

तायव्वाने मला विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग बुधवारी मळ्यात जाऊ. पाटलाची लागण लय तटलीया."

आता गंमत ऐका. कायदेमंडळाने नवा निवडणूक अधिकारी म्हणून कुणाला निवडलं? त्याच दफ्तरदाराला. त्यांनी जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन अर्ज केला होता. मी वामनरावांपुढे आदळआपट केली. 'दरोडेखोर' पत्रकाचा मसुदा अजून माझ्या खणात होता. ते म्हणाले, "एकदा त्याच्याबरोबर जाऊन ये."

गेलो. नव्या अधिकाऱ्यांनी कचेरी दिवाणाच्या दारातून हलवून जुन्या धर्मशाळेत नेली होती. आम्ही टांग्याने तळाकडे निघालो. तोवर कळप एका ओढ्याच्या पलीकडे उतरले होते. ओढा ही हद्द. पलीकडे खालसा. अधिकारी काठावर थांबले.

"मला पलीकडे सुनावणी घेता येणार नाही. माझा अधिकार इथवर."

झालं, मी म्हटलं मनात. परत तेच.

तायव्वाने ओढ्यापलीकडून विचारलं, "काय म्हनत्यात?"

म्हाकूने सांगितलं. ती वाकली, घोंगडं उचललं, पाण्यातून अलीकडे आली आणि अधिकाऱ्यांच्या पायाशी ते अंथरलं. "मग हितं बसा. मेंढरं राहूद्यात तिकडं. त्यास्नी मत न्हाई."

वस्तीची सगळी माणसं एकेक करून ओढा ओलांडून आली. अधिकारी घोंगडीवर मांडी घालून बसले. एका कुत्र्याने त्यांच्या वहाणेचा वास घेतला, त्यांनी पाय काढून घेतला नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, लिहिलं. तायव्वाची पाळी आली.

"राहणार?"

"खरसवाडी."

"आता कुठे मुक्काम?"

"तुमच्यापुढंच हाय की."

त्यांनी हसून लिहिलं. मग जुन्या यादीवरचा तांबडा शेरा स्वतःच्या हाताने खोडला आणि खाली सही केली. टांग्यात बसल्यावर मला म्हणाले, "दाराकडे न बघता सही करायची ही माझी पहिलीच वेळ." मी घरी जाऊन खणातला मसुदा चुलीत घातला. कागद पातळ होता, लगेच जळला.

धडा कोरडा आहे. माणूस तोच, सही तीच, शाई तीच. खुर्चीचे पाय हलवले आणि शेरा बदलला. म्हणून पुढच्या वेळी कुणी सांगितलं की चांगला अधिकारी आणा, सगळं ठीक होईल, तर त्याला विचारा: त्याला काढायचा अधिकार कुणाकडे ठेवलाय?

मतदान अजून व्हायचं आहे. कुरणाचा लिलावही अजून टळलेला नाही, नुसता थांबला आहे. आणि हा कायदा आमच्या एका ठिगळापुरता. तुमच्या गावी, वडूजला असो, पाटणला असो, यादी लिहिणारा कुणाच्या घंटीवर उठतो हे तुम्ही पाहिलेलं नाही.

तेव्हा हे वाचून झालं की बसू नका. चावडीवर जा. यादी वाचा, स्वतःचं नाव सापडल्यावर थांबू नका. तुमच्या रानात दर वर्षी येऊन बसणारा, तुमची विहीर खणून पुढे गेलेला, ऊस तोडायला कोसावर गेलेला, त्याचं नाव शोधा. नसेल तर त्याच्यासाठी अर्ज आजच द्या. तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.